माझ्या मागे चालणारी रेणुका

आधीच माफी मागतो. कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं एवढा मी मोठा नाही, आणि जिच्याबद्दल लिहितो आहे ती तर माझ्याहून लहान आहे. आमच्या घरात आजवर लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. वडिलांना सही येते, आईला मी नाव लिहायला शिकवलं, आणि कॉलेजात जाणारा घरातला पहिला मीच. वार्षिकांकासाठी सरांनी ‘माझ्या आयुष्यातली एक व्यक्ती’ असा विषय दिला, तेव्हा मीही सगळ्यांसारखं शाळेतल्या गुरुजींवर लिहायला बसलो. दोन पानं बरी झाली. पण लिहिताना मन सारखं उठून बाहेर जात होतं. शेवटी ती पानं बाजूला ठेवली. रेणुकाबद्दल लिहिल्याशिवाय माझ्याकडून दुसरं काही लिहून होणार नाही, असं वाटलं. तिची परवानगी घेतलेली नाही. घेतली असती तर ती म्हणाली असती, “लिवा की दादा, पण जल्दी लिवा. मला बसायला टाइम न्हाई.”

रेणुकाला उभं राहता येत नसे. म्हणजे पाय उत्तम होते, पण ते एका जागी टिकत नसत. बोलताना ती टाचा वरखाली करायची. रांगेत असली तर जागच्या जागी उड्या मारायची. राष्ट्रगीताला मात्र ताठ उभी राहायची, पण तेव्हाही बुटातली बोटं हलत असावीत, कारण संपताक्षणी ती गोफणीतून सुटल्यासारखी कुठंतरी जायची. “एका जागी थांबलं की मला घाम येतो,” ती म्हणायची, “पळताना न्हाई येत.”

माझं गाव वाटूरजवळ. बी.एस्सी.साठी मी बदनापूरला मामाकडे राहतो. मामा इथल्या एका सरकारी ऑफिसात शिपाई आहे, आणि त्या ऑफिसचे प्रमुख मुळे साहेब यांनी गावात रविवारची दौड सुरू केली होती. सकाळी सहाला मैदानावरून निघायचं, कृषी संशोधन केंद्राच्या शेतांच्या कडेनं लहान पुलाच्या पुढं वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. पाच किलोमीटर. फी नाही, बक्षीस नाही. डॉक्टर, बँकेतले लोक, शिक्षक, जालन्याला नोकरीसाठी रोज ये-जा करणारे, असे सगळे यायचे. मामाचे गुडघे दुखतात. पण त्याचं म्हणणं असं, की साहेबांच्या दौडीत आपल्या घरातलं एक तरी माणूस दिसलं पाहिजे. म्हणून मी गेलो. पळण्याशी माझा त्याआधी काही संबंध नव्हता, एस.टी. पकडण्यापुरतं पळणं सोडलं तर.

या दौडीचा एक नियम होता. सगळ्यात शेवटी एक स्वयंसेवक नारिंगी जॅकेट घालून चालायचा. तो कुणाच्याही पुढं जायचा नाही, मग समोरचा माणूस कितीही हळू असो. वाटेत प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन शाळेतली मुलं उभी असत. नारिंगी जॅकेट समोरून गेलं की मुलांनी झेंडा गुंडाळायचा आणि निघायचं. जॅकेट मैदानात पोचलं की नावांची वही मिटायची. त्यामुळे आमच्या दौडीत कुणीच शेवटचा येत नसे. शेवटचं नेहमी जॅकेट यायचं. मुळे साहेबांना या नियमाचा फार अभिमान होता. दर रविवारी ते तो पुन्हा वाचून दाखवत.

पहिल्या रविवारी दीड किलोमीटरवरच माझा दम संपला. सगळे पुढं निघून गेले. मागून मात्र एक आवाज येत राहिला, थप थप थप, जागच्या जागी कुणी उड्या माराव्यात तसा. मी मान वळवली. नारिंगी जॅकेट घातलेली एक मुलगी. जॅकेट तिला दोन माप मोठं होतं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“दादा, तुम्ही पळून राह्यले का चालून राह्यले?”

“पळतोय,” मी म्हणालो.

“मंग ते म्हशीवाले काका चालत चालत आपल्या पुढं कसे गेले?”

खरंच एक माणूस दोन म्हशी घेऊन आमच्या पुढं गेला होता. मला लाज वाटली आणि हसूही आलं. हसल्यामुळे उरलासुरला दम गेला. ती म्हणाली, “हसू नका, श्वास जातो. त्या बाभळीपर्यंत चला. तिथून पुढचं पुढं बघू.” बाभळीशी पोचल्यावर ती म्हणाली, “आता त्या खांबापर्यंत.” असं झाड, खांब, फाटक, पाण्याची टाकी करत तिनं मला मैदानापर्यंत आणलं. पुढचे दहा रविवार बहुतेक मीच तिच्या लगेच पुढं असायचो. मी थोडा थोडा सुधारत होतो, पण बाकीचेही सुधारत होते.

इतक्या चपळ मुलीला सगळ्यात मागं का ठेवलंय, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी कळलं. रेणुका मूळची शहागडची. तिथं हायवेला तिच्या आईचं चहाचं हॉटेल आहे. बारावी झाल्यावर ती बदनापूरला मावशीकडे राहायला आली, कारण तिला पोलीस भरतीला उतरायचं होतं. अठरा पूर्ण व्हायला सहा महिने बाकी होते. दौडीतले सुभेदार, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जालन्यात भरतीची अकादमी चालवायचे. मैदानाची तयारीही घ्यायचे आणि लेखी परीक्षेचीही. रेणुका तिच्या पहिल्या रविवारी, म्हणजे मी यायच्या आधी, सगळ्या पुरुषांच्या पुढं पळत आली आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, अर्थात तिच्या परीनं उभी. म्हणाली, “सायेब, मला घ्या. फी न्हाई माझ्याकडं.”

सुभेदार म्हणाले, “तुला पळता येतं ते दिसलं. थांबता येतं का ते बघू.” आणि त्यांनी तिच्या हातात नारिंगी जॅकेट दिलं. बारा रविवार न चुकता सगळ्यात मागं चालायचं. तेराव्या रविवारी अकादमीत फुकट जागा.

“सायबानं बराबर माझी दुखती नस धरली,” रेणुका मला म्हणाली. “शंभर चकरा मार म्हणले असते तर मारल्या असत्या. पण हे तुमच्यासारख्याच्या मागं चालायचं म्हणजे...” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका दादा. तुमच्यामुळंच माझी प्रॅक्टिस होऊन राह्यली.”

तिच्या मागं राहण्याची एक खास पद्धत होती. ती धीर देणारी भाषणं करत नसे. एकदा बँकेतल्या एक मॅडम पुलाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, मला जमणार नाही, तुम्ही जा. डोळ्यांत पाणी होतं. रेणुका म्हणाली, “बसा मॅडम, आरामात बसा. मला काही बसता येत न्हाई, मी फिरते इथंच.” आणि ती मॅडमभोवती गोल गोल पळायला लागली. एक फेरी, दोन फेऱ्या. रस्त्यानं जाणारा रिक्षावाला थांबून बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, “अगं बाई, थांब, मला गरगरायला लागलं!” रेणुका म्हणाली, “तुम्ही उठल्याशिवाय माझं थांबणं तुमच्या हातात न्हाई आणि माझ्या पण न्हाई.” मॅडम हसत उठल्या. पुढच्या रविवारी त्या स्वतःच्या मुलीलाही घेऊन आल्या.

शाळेतली मुलं तिला ‘शेपटी’ म्हणायची. “शेपटी आली रे, झेंडा गुंडाळ!” ती जाता जाता एकेकाच्या टोपीवर टपली मारायची आणि म्हणायची, “शेपटी न्हाई तर बैल माशा कशानं हाकलंल?”

लेखी परीक्षेची मात्र तिला धास्ती होती. दहावीत गणितात ती कशीबशी पास झाली होती. मी गणिताचा विद्यार्थी आहे हे कळल्यावर तिनं मागं चालता चालता शिकवणी सुरू केली. म्हणजे मला धाप लागलेली असताना मी उदाहरण घालायचं आणि तिनं सोडवायचं. तिला डोक्यात आकडे धरून ठेवणं जमत नसे. तेही तिच्यासारखेच, थांबत नसत.

“दोनशे मीटर लांबीची रेल्वे,” मी म्हणायचो, “तीनशे मीटर लांबीचा पूल...”

“आधी हे सांगा, ती रेल्वे बदनापूरला थांबती का?”

“नाही थांबत.”

“मंग आपल्याला तिचं काय करायचं? जाऊ द्या की तिला पूल ओलांडून!”

तरी हळूहळू तिला जमायला लागलं. एकदा तिनं काळ, काम, वेगाचं एक उदाहरण माझ्याआधी सोडवलं आणि आनंदानं माझ्या पुढं पळत गेली. पंचवीस-तीस पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती जीभ चावून मागं आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, “कुणी बघितलं न्हाई ना? बारातला एक रविवार कटला असता.” तिचा जीव त्या बारा रविवारांत किती अडकलेला आहे, ते मला त्या दिवशी दिसलं.

आता अकराव्या रविवारचं सांगतो. ते सांगण्यासाठीच मी हे सगळं लिहितो आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

त्या रविवारी मोठी दौड होती. मंडप, लाऊडस्पीकर, पाहुणे, आसपासच्या गावांतून आलेली गर्दी. शेवटी मैदानावर मुलींसाठी आठशे मीटरची शर्यत ठेवली होती. हुबेहूब भरतीसारखी, फक्कीचे पांढरे पट्टे, शिट्टी, आणि स्टॉपवॉच घेऊन स्वतः सुभेदार. रेणुकानं विचारलं, “मी पळू का सायेब?” ते म्हणाले, “जॅकेट आधी. तुझं काम साडेसातच्या आत संपलं तर पळ.”

काम माझ्यावर अवलंबून होतं. आणि मी त्या दिवशीही तसाच होतो. पाहुण्यांच्या भाषणांमुळे दौड सुटायलाच साडेसहा झाले होते, आणि वळणावरून परत फिरलो तेव्हाच सात वाजून गेले होते. नेहमी रेणुका बडबड करायची. त्या दिवशी फक्त पावलांचा आवाज, थप थप थप, माझ्या पाठीशी. लांबून लाऊडस्पीकरवर शर्यतीची नावं पुकारायला लागले. तिचं न बोलणं मला सहन होईना.

मी थांबलो. म्हणालो, “तू जा. जॅकेट मला दे. मी घालून येतो. आपल्या मागं कुणी नाही.”

“असं चालत न्हाई दादा.”

“का नाही चालत? शेवटचा मीच आहे ना? मी जॅकेटात आलो काय न् तू आलीस काय.”

“मागं कुणी न्हाई हे बराबर बघितलं का?”

“बघितलं.”

“नक्की?”

“नक्की. जा तू.”

मी खरंच बघितलं होतं. मागं वळून बघितलं होतं, रस्ता रिकामा होता. पण तो रस्ता मागं थोड्या अंतरावर वळतो आणि वळणापलीकडचं दिसत नाही. शिवाय लहान पुलाच्या कठड्यावर मला एक पाण्याची बाटली दिसली होती. कुणीतरी विसरलं असेल, असं मी मनात म्हटलं. परत जाऊन बघायला तीन-चार मिनिटं लागली असती, आणि तेवढ्यात शर्यत सुटली असती. मला तिचं भलं करायचं होतं. आयुष्यात कुणाचं तरी भलं माझ्या हातानं होतंय, याचा मला आनंद झाला होता. त्या आनंदात मी ‘नक्की’ म्हणालो.

तिनं जॅकेट काढून माझ्या अंगावर टाकलं आणि गेली. मी तिला पूर्ण वेगात पळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दहा रविवार तिच्यासोबत असून मला ते कधी दिसलं नव्हतं.

मी जॅकेट घालून चालत राहिलो. वळणावरच्या मुलांनी जॅकेट बघितलं, झेंडे गुंडाळले आणि ती सायकलींवर बसून निघाली. मैदानात वही मिटली. मी जॅकेट टेबलावर ठेवलं. सगळ्यांचं लक्ष शर्यतीकडं होतं. रेणुका पहिली आली होती, दुसरीच्या कितीतरी पुढं. सुभेदार घड्याळ बघत होते. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मी लांबून बघत होतो. मला वाटलं, हे आपण केलं.

बक्षीस समारंभाची भाषणं चालू असताना एक दूधवाला मोटरसायकलवर मैदानात शिरला. त्याच्या दोन कॅनच्या मधोमध, त्याला घट्ट धरून, गोरे काका बसलेले. गोरे काका म्हणजे वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. त्यांना शुगर आहे. पुलाजवळ पोटात कळ आली म्हणून ते बाटली कठड्यावर ठेवून खालच्या कपाशीत गेले होते. परत चढताना चक्कर आली आणि बांधावरच बसून राहिले. हाका मारल्या, पण रस्त्यावर कुणीच नव्हतं. ना दौडीतलं माणूस, ना झेंडेवाली मुलं.

“मी काय मेल्तो का?” गोरे काका मोटरसायकलवरूनच ओरडले. “माझी गिनतीच न्हाई का तुमच्या दौडीत?” उतरताना मात्र त्यांचा तोल गेला. दोघांनी धरून त्यांना दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. दोन दिवसांनी ते बरे होऊन घरी गेले. पण त्या क्षणी मैदानात कुणाला ते माहीत नव्हतं.

मुळे साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी झेंडेवाल्या मुलांना बोलावलं. “तुम्ही जागा का सोडल्या?”

“जॅकेट गेलं सर.”

“कोण होतं जॅकेटमध्ये?”

“ते न्हाई बघितलं सर. जॅकेट बघितलं.”

मुलांची काही चूक नव्हती. आम्ही कुणीच कधी जॅकेटच्या आतलं माणूस बघत नव्हतो. मग साहेब रेणुकाकडं वळले. ती शर्यतीचा नंबर छातीवर लावून उभी होती. सुभेदार तिच्याजवळ आले. आवाज चढवला नाही.

“शेवटच्या माणसाला सोडून तू शर्यतीला आलीस?”

“आले सायेब.”

“मागं कुणी नाही असं कुणी सांगितलं तुला?”

मी चार पावलांवर होतो. साहेबांच्या शेजारी मामा पाहुण्यांसाठी पाण्याच्या ग्लासांचं ताट घेऊन उभा होता. रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मला बोलायचं होतं. अगदी शप्पथ सांगतो, वाक्य तयार होतं. ‘मी सांगितलं सर.’ तीन शब्द. माझ्या डोक्यात मामाची नोकरी आली, साहेबांचा चेहरा आला, मामाकडची माझी खोली आली, कॉलेज आलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी जमिनीकडं बघितलं.

“कुणी न्हाई सांगितलं,” ती म्हणाली. “मलाच वाटलं.”

सुभेदारांनी मान हलवली. “एवढंच बघायचं होतं मला. तुला थांबता आलं नाही. अकादमीचं विसर आता.”

रेणुका रडली नाही. ती उभी राहिली. टाचा जमिनीला टेकलेल्या, हात सरळ. पायाचं एक बोटही हलत नव्हतं. तिला तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा कधी पाहायला मिळू नये असं वाटतं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. नारिंगी जॅकेट एका शिक्षकांनी घातलं. ते चांगले गृहस्थ, पण त्यांच्या पावलांचा आवाज येत नसे आणि मी सारखा मागं वळून बघत होतो. त्यानंतरच्या रविवारी मी गेलोच नाही. अभ्यासाला बसलो तर पाय हलायला लागायचे. उठून स्टेशनपर्यंत जायचो, परत यायचो. मामी म्हणाली, “ह्या पोराच्या पायाला काय झालंय?” रोज ठरवायचो, उद्या सांगू. असा एक महिना गेला.

महिन्यानंतर मी जालन्याला गेलो आणि सुभेदारांच्या अकादमीच्या दारात उभा राहिलो. आत मुली भिंतीला पाठ टेकून गणितं सोडवत होत्या. मी सगळं सांगितलं, बाटलीसकट. ऐकून ते म्हणाले, “एवढं सांगायला महिना लागला?”

“हो सर.”

“पाठव तिला. जागा ठेवतो.”

त्याच दिवशी परत आल्यावर मुळे साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंस,” आणि फाइलीत डोकं घातलं. मामाला ते त्यावरून कधी अवाक्षरही बोलले नाहीत. महिनाभर मी ज्याला भीत होतो, ते मुळात नव्हतंच.

मावशीच्या खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, त्यांची बदली झाली, गेले लातूरला, मुलगी शहागडला आईकडं गेली. दुसऱ्या दिवशी बस पकडून मी शहागडला गेलो. हायवेला एकामागोमाग ट्रक उभे होते. हॉटेल शोधावं लागलं नाही. चार ग्लास एका हातात धरून ट्रकच्या खिडक्यांकडं पळणारी मुलगी मला लांबूनच ओळखू आली.

“दादा! इकडं कुठं वाट चुकले?” ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता रिकामे ग्लास गोळा करायला गेली. परत आली. “पळत आले का बसनं?”

मी म्हणालो, “रेणुका, मी सुभेदारांना सगळं सांगितलं.”

“कवा?”

“काल.”

ती ग्लास विसळायला लागली. “मंग, काय म्हणले?”

“ये म्हणाले. जागा ठेवलीय तुझी.”

ग्लास विसळण्याचा तिचा वेग कमी झाला. मग पुन्हा पहिल्यासारखा झाला. “आता कसं जमायचं दादा? मावशी गेली लातूरला. जालन्याला राहू कुठं? एकटीनं खोली करून राहायचं आई कबूल होत न्हाई. महिन्याआधी मावशी होती.” हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. त्यामुळंच मला ते जास्त लागलं.

चुलीपुढून तिची आई म्हणाली, “पावण्याला आधी चहा तर दे गं.”

चहा घेताना मी विचारलं, “तू माझं नाव का नाही घेतलंस?”

“घेणार होते की. तोंडावर आल्तं. पण तुमचं तोंड असं पांढरंफट पडलं होतं, मला वाटलं गोरे काकाच्या आधी तुम्हालाच सलाईन लावावं लागतंय.” ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “आन् वाटलं, तुम्हीच बोलताल. म्हणून जरा थांबले. जन्मात तेवढी एकदाच थांबले मी, दादा.”

चहा संपवून मी माझा ग्लास स्वतःच विसळून ठेवला.

मी तिला माझी गणिताची पुस्तकं पाठवली. एका ओळखीच्या कंडक्टरच्या हातून, पिशवीत घालून. संध्याकाळी तिच्या आईच्या फोनवर फोन करायचो. ती फोन बरण्यांच्या मध्ये उभा करून ठेवायची. मागं ट्रकचे हॉर्न, “दोन कट, एक बिनसाखर” अशा आरोळ्या, आणि त्यात मी शेकडेवारी सांगायचो. अर्धं तिला ऐकू यायचं, अर्धं माझ्यापर्यंत पोचायचं नाही. बऱ्याचदा ती म्हणायची, “कळलं दादा, पुढं चला.” तिला कळलेलं नाही हे मला आवाजावरून समजायचं. समोर असती तर थांबवून पुन्हा विचारलं असतं. अकादमीतल्या त्या भिंतीला टेकलेल्या मुली मला आठवायच्या. त्यांच्यासमोर फळा होता.

हिवाळ्यात तिला अठरा पूर्ण झाली. पुढं भरती निघाली आणि तिनं अर्ज भरला. मैदानी चाचणीला तिची आई सोबत गेली होती. त्या दिवशी संध्याकाळी रेणुकानं स्वतः फोन केला. “आठशेत पैकीच्या पैकी, दादा! माझ्या मागची पोरगी दिसत पण नव्हती.” मग लेखी झाली. “गेला पेपर?” मी विचारलं. “गेला,” ती म्हणाली, आणि विषय बदलला.

निकालाची यादी लागली, तेव्हा मी कॉलेजच्या संगणकावर बसून ती वरून खाली बघितली. रेणुका नावाच्या तीन मुली होत्या. आडनावं वेगळी. मला वाटलं, माझं बघण्यात चुकलं असेल, किंवा दुसरी यादी असेल. फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी वर्गात बसवेना. तास सोडून बाहेर आलो आणि कंपाउंडच्या कडेनं फेऱ्या घालत राहिलो. दुपारी फोन आला. तिची आई होती. मागं ट्रकचे आवाज, नेहमीसारखे.

“दादा, तुमचे लई फोन येऊन गेल्ते. मोबाइल बिघडला होता, आत्ता दुरुस्त होऊन आला. रेणीचा निकाल आज बघितला, गाडीवाल्याच्या मोबाइलवर. दोन मार्कांनी गेली. मैदानात न्हाई, लेखीत.”

मी विचारलं, “काकू, रेणुका कुठंय? रडतेय का?”

“रडायला बसावं लागतं ना दादा. पुढली भरती कवा निघती म्हणून त्या गाडीवाल्याला विचारलं, बूट घातले आन् गेली नदीवरच्या पुलाकडं पळायला. चहा गाळून ठेवलाय तिचा. निवून राह्यला हितं.”